दहावा सूचक

बंगळुरात एकट्या बाईनं भाड्याचं घर शोधायला निघावं म्हणजे स्वतःची जन्मपत्रिकाच उघडून दाखवावी लागते. लग्न झालं का, झालं नाही तर का झालं नाही, मांसमच्छी खाता का, भेटायला येतो तो भाऊ खरोखरचा भाऊ आहे का. मारतहळ्ळीत एका घरमालकिणीनं तर दाराबाहेर काढलेल्या माझ्या चपलेवरून माझं चारित्र्य ओळखलं होतं. तीन रविवार हे सगळं सोसून मी एचएसआर लेआउटमधल्या एका चारमजली इमारतीसमोर येऊन उभी राहिले, तर गेटातच लुंगीवर कोट चढवलेले एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात जोडून उभे. मला वाटलं, माझ्या मागून कोणी बडा माणूस येतोय. वळून पाहिलं तर मागं नुसती शहाळ्यांची गाडी होती.

"मत कुठं आहे तुमचं?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नव्हे हो, कुठं? मतदार यादीत नाव कुठल्या गावी?"

"नागपूरले." घाबरले की माझ्या तोंडून नागपूर असं आपोआप बाहेर पडतं.

"इकडं आणणार काय?"

"हौ."

बाप्पा, काय खुलले ते! "हौ? अहो, तुम्ही तर अर्धं कन्नड बोलता की! आम्ही होय म्हणायला हौदु म्हणतो, तुम्ही नुसता दु गिळलात. सरी, सरी. सामान कधी आणता?"

लग्नाचं विचारलं नाही, मांसमच्छीचं विचारलं नाही. डिपॉझिटसुद्धा घेतलं नाही. तो शब्द मला सहन होत नाही, म्हणाले. त्या एका "हौ"वर मला घर मिळालं. आणि तो हौ खोटा होता. आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच येऊन अडलं.

त्यांना सगळा रस्ता एम्पी अण्णा म्हणायचा. कर्नाटकाच्या वरच्या अंगाला, जिथं एका घरात सासू मराठी आणि सून कन्नड बोलते, तिकडचे ते. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी एकदा खासदार झाले होते. मी आले तोवर आठ वेळा लोकसभेला उभे राहिले होते आणि सात वेळा डिपॉझिटसकट पडले होते. मधेच मुलांच्या शिक्षणासाठी बंगळुराला आले, मागोमाग मतही घेऊन आले आणि इथून उभं राहू लागले. मुलं शिकली आणि परदेशी गेली. "दोघांची मतं वाया गेली," एवढंच अण्णा त्यांच्याबद्दल सांगत.

अपक्ष म्हणून अर्ज भरायचा तर त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात, उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारे. त्यांना सूचक म्हणतात. अण्णांनी इमारत बांधली ती खालचं स्वतःचं घर सोडून दहा बिऱ्हाडांची, आणि दरेक बिऱ्हाडात एक सूचक असा हिशेब. आले-गेल्याशी ओळख करून देताना नाव-गाव नाही, "हे आमचे चौथे सूचक, सॉफ्टवेअरमध्ये असतात. ह्या सातव्या, दातांच्या डॉक्टर." मी सगळ्यात वर, गच्चीलगत राहायची. मी दहावी सूचक.

भाडेकरू नवा आला की अण्णा स्वतः त्याला घेऊन निवडणूक कचेरीत जायचे आणि मत इकडं आणायचा अर्ज भरून द्यायचे. मलाही न्यायला आले होते. मी म्हटलं, "अण्णा, मी ऑनलाइन भरला ना." ऑनलाइन म्हटलं की अण्णांचा नाइलाज व्हायचा. महिन्यानं विचारलं, मी म्हटलं, "प्रोसेसमध्ये आहे." तेव्हापासून तो शब्द त्यांच्या तोंडी बसला. इमारतीच्या सभेत हजेरी घ्यायचे तेव्हा म्हणायचे, "नऊ सूचक हजर, दहाव्या प्रोसेसमध्ये."

त्या सभा म्हणजे काय सांगू! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये. पाण्याच्या टँकरची तक्रार शून्य प्रहरात घ्यायची. लिफ्टबद्दलचा प्रश्न तारांकित, त्याला तोंडी उत्तर मिळणार. कचऱ्याबद्दलचा अतारांकित, त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून दाराखाली सरकवणार. एकदा तिसरे सूचक मोटर दुरुस्त होत नाही म्हणून चिडून उठून गेले, तर अण्णांचा चेहरा आनंदानं फुलला. "सभात्याग! बघा, बघा, रीतसर सभात्याग!" मोटर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त झाली.

खासदार असताना ते सभागृहात एकदाच बोलायला उठले होते. त्यांच्या भागात एका ओढ्यावर पूल नव्हता आणि पावसाळ्यात दोन गावं तुटायची, त्यावर बोलायचं होतं. महिनाभर पाठांतर केलं, नंबर लागला, उठून "अध्यक्ष महोदय" म्हणाले, तेवढ्यात कसला तरी गोंधळ झाला आणि सभागृह तहकूब. मग सरकारच पडलं आणि वर्षाच्या आत घरी आले. राहिलेलं भाषण आम्ही पार्किंगमध्ये हप्त्याहप्त्यानं ऐकलं. मी एकदा विचारलं, "मग पूल झाला का अण्णा?"

"झाला की. मी पडल्यावर झाला. मला पाडलं त्यानंच बांधला." आणि वर म्हणाले, "बरा बांधलाय हो. मी जाऊन बघून आलो."

ते निवडून कसे आले ती गोष्ट तर त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की मीच आता निवडून आल्यासारखी सांगते. त्या वर्षी त्यांना चिन्ह मिळालं होतं हाकी, काठी आणि चेंडू. आपण हॉकी म्हणतो, तिकडं सरळ हाकी. आणि कन्नडात हाकी म्हणजे टाका, घाला. मत टाका म्हणायचं तर "वोट हाकी". झालं! मोठमोठ्या पक्षांच्या जिपा भोंगे लावून गावोगाव ओरडत फिरायच्या, "वोट हाकी! वोट हाकी!" आणि लोक नमुना मतपत्रिका उघडून बघायचे तर हाकी समोरच छापलेली. अण्णांकडे जीप नव्हती, भोंगा नव्हता, सायकलवरून फिरत होते. विरोधकांच्या ध्यानात आलं तेव्हा चार दिवस उरले होते. त्यांनी हाकी शब्दाला बंदी घातली आणि "मत कोडी, मत कोडी", म्हणजे मत द्या, असं ओरडायला सांगितलं. पण जिपेतल्या गड्यांच्या जिभेला पडलेलं वळण कुठं सुटतंय! सवयीनं शेवटी हाकी यायचंच.

"मी निवडून आलो असं लोक म्हणतात," अण्णा सांगायचे. "खरं बघाल तर एक क्रियापद निवडून आलं. मी त्याच्याबरोबर दिल्लीला गेलो."

पुढं दर निवडणुकीला त्यांनी हाकी मागितली आणि एकदाही मिळाली नाही. कधी शिलाई मशीन आलं, कधी बिस्किट. एकदा फुलकोबी आली होती. तेव्हा आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत त्यांनी फुलकोबीला तोंड लावलं नाही. स्वतःचं चिन्ह खाणं बरं दिसत नाही म्हणाले. निकाल लागला त्या दुपारी त्यांच्या बायकोनं ताटात फुलकोबीची भाजी वाढली आणि वर विचारलं, "आणखी घालू?"

ही बायको म्हणजे अक्का. सगळ्या इमारतीच्या अक्का. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि जिभेला धार. पन्नासाहून अधिक वर्षं त्यांनी ह्या माणसाचे हार, पत्रकं, कार्यकर्त्यांचे चहा असं सगळं निस्तरलं होतं. मी म्हणायची, "अक्का, तुमचं तर एक मत पक्कं असेल त्यांना." त्यावर त्या नुसत्या हसायच्या. "मत गुप्त असतं बाळ." आणि अण्णांचा एक नियम होता, घरात मत मागायचं नाही. सूचकही घरातला घ्यायचा नाही. "घरापासून सुरुवात केली की त्याला घराणेशाही म्हणतात," असं ते छाती काढून सांगायचे. ऐकायला मोठं छान वाटायचं. अक्का तेव्हा उठून स्वयंपाकघरात जायच्या, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

आता माझ्या खोटेपणाचं सांगते. मत इकडं आणायला मला काय अडचण होती? एक अर्ज, पाच मिनिटं. दोनदा भरायला बसले आणि दोनदा बंद केला. नागपूरच्या यादीत आमच्या घरनंबरापुढं तीन नावं होती, बाबांचं, आईचं, माझं. बाबा गेले त्या वर्षी आईनं त्यांचं नाव रीतसर वगळून घेतलं. नवी यादी आली तेव्हा मला फोन करून म्हणाली, "आता आपण दोघीच राहिलो वं घरात." मी बंगळुरात, ती नागपुरात, पण यादीत आम्ही एका घरात. ते नाव मला काढवेना. हे अण्णांना सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण सांगायला तोंड नव्हतं. हा एकच माणूस मला लग्नाचं न विचारता भेटला होता, आणि त्यालाच मी गंडवत होते.

आणि निवडणूक जाहीर झाली. अण्णा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. गुडघे गेलेले, कानाला यंत्र. मुलांनी परदेशातून फोन करकरून सांगितलं, आता पुरे. मीही म्हटलं, "अण्णा, माजी खासदार म्हणून मान आहे ना तुम्हाला, कायले पुन्हा?"

"माजी!" त्यांनी तोंड वाकडं केलं. "नावापुढं माजी लावून किती दिवस बसायचं हो? मराठीत बघा किती चांगला शब्द आहे, उमेदवार. उमेद आहे तो उमेदवार. खासदारात काय, नुसतं खास. मला निवडून यायचं नाही, येणारही नाही. पण अर्ज भरला की महिनाभर मी उमेदवार असतो. शेवटचा एक महिना तेवढा द्या मला."

हे ऐकल्यावर मी काय करावं? त्यांनी विचारलं, "दहाव्या सूचक, तुमचं प्रोसेस झालं काय?" आणि मी, माणूस किती भ्याड असावं, म्हटलं, "हौ अण्णा, झालं."

अण्णा अर्ज नेहमी शेवटच्या दिवशी भरायचे, कारण हाकीच्या वर्षी शेवटच्या दिवशी भरला होता. दुपारी तीनची मुदत. आदल्या दिवशी नवांनी सह्या केल्या, मीही केली. त्या दिवशी सकाळी मी घरूनच काम करत होते, तेवढ्यात अण्णा चार मजले चढून वर आले. लिफ्ट होती, पण अर्ज भरायच्या दिवशी ते पायीच चढत. कोटाला इस्त्री, हातात अर्ज. "तेवढा यादीतला तुमचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सांगा. दहाव्या रकान्यात तेवढंच राहिलंय."

मी लॅपटॉप मिटला आणि रडायलाच लागले. सगळं सांगितलं. बाबांचं, आईच्या फोनचं, प्रोसेसचं. मला वाटलं, आता हे घर खाली करायला सांगतील, आणि सांगावंच, असंही वाटलं.

अण्णा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "वडील त्या घरात होते?"

"हौ."

"मग मत तिथंच ठेवा. आई एकटी पडेल की यादीत." आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "खोटं बोललात ते मात्र चुकलं. त्याचा जाब पुढच्या सभेत घेऊ. आता चला, खाली कोणीतरी मिळेल. एकच तर पाहिजे!"

एकच पाहिजे होता, आणि बारा वाजले होते. बाकीचे सूचक नवरा-बायकोसकट ऑफिसात. आम्ही रस्त्यावर उतरलो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं मत कृष्णगिरीला. शहाळीवाल्याचं मंड्याला. रिक्षावाल्यानं तर छाती ठोकून सांगितलं, "नम्मदु तुमकुरु, अण्णा." पलीकडच्या इमारतीचा वॉचमन ओडिशाचा. केशकर्तनालयातले तिघेही उत्तरेकडचे. भर दुपारी गजबजलेल्या रस्त्यावर शंभर माणसं दिसत होती आणि त्यांतल्या एकाचंही मत तिथं नव्हतं. समोरच्या बंगल्यातल्या एका निवृत्त साहेबांचं होतं. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "माझं नाव कशाला कुठं लिहिता? आणि मी मतदानाला जातच नाही. काय फरक पडतो?"

मी अण्णांना चिडलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "फरक पडतो!" ते फाटकातूनच ओरडले. "अहो, मी सात वेळा पडलोय, फरक पडल्याशिवाय पडलो काय?"

परत आलो तेव्हा पावणेदोन वाजून गेले होते. कचेरीत पोचायलाच तास लागणार. अण्णा पायरीवर बसले. अर्ज मांडीवर, कोटाचं बटण सुटलेलं. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"किती झाले?" दारातून अक्कांनी विचारलं.

"नऊच."

"माझं मत इथंच आहे."

अण्णांनी मान वर केली नाही. "घरातली सही नको. आपला नियम आहे."

"आपला नव्हे, तुमचा." अक्का दोन पायऱ्या उतरून समोर आल्या. "इस्त्रीवाल्याला विचारलंत. शहाळीवाल्याला विचारलंत. त्या खडूस साहेबाच्या फाटकात जाऊन हात जोडलेत. पन्नास वर्षं गावोगाव फिरून मत मागितलंत. मला एकदा तरी मागितलंत काय हो? मी काय मतदार नव्हे?"

मी तिथून सटकायला बघत होते, पण माझा पाय निघेना.

"घराणेशाही म्हणून..." अण्णांनी सुरुवात केली.

"खरं बोला. ही पोरगी खरं बोलली की आज."

अण्णांनी कानाचं यंत्र उगीच चाचपलं. "तू नाही म्हणाली असतीस तर?" ते हळूच म्हणाले. "जगाचं 'नाही' ऐकलंय मी. तुझं ऐकवलं नसतं."

अक्कांचा चेहरा क्षणभर कसासाच झाला. मग पदरानं नाक पुसून त्या पुन्हा आपल्या मूळ आवाजात आल्या. "मग विचारा की आता. रीतसर विचारा."

अण्णा उठले. बटण लावलं. आणि आयुष्यभर जिला अगं म्हटलं त्या बायकोला म्हणाले, "बाईसाहेब, मी अपक्ष उमेदवार आहे. आपली एक सही मिळाली तर उपकार होतील."

"बघू या," अक्का म्हणाल्या. "विचार करून सांगते."

मला हसू फुटलं, अण्णांनाही फुटलं. पन्नास वर्षं प्रत्येक मतदारानं त्यांना हेच उत्तर दिलं असणार! अक्कांनी मात्र आमच्याकडं न बघता पेन घेतलं, माझ्या नावावर आडवी रेघ मारली, स्वतःचं नाव लिहून सही केली आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक न अडखळता लिहिला. तोंडपाठ होता त्यांना. मी कोडगेपणानं विचारलं, "अक्का, कसा काय पाठ?"

"किती वर्षं वाट बघितली बाळ, कधी लागेल म्हणून." आणि अर्ज अण्णांच्या हातात देताना बोट नाचवून म्हणाल्या, "सही केली म्हणजे मत देईन असं समजू नका हं."

रिक्षा मी केली. तुमकुरुवालाच होता. त्यानं कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून काढली देव जाणे, पण तीनला वीस कमी असताना अण्णा कचेरीच्या आत होते. खुर्चीवरच्या अधिकारी बाईंनी अर्ज तपासला, दहाव्या रकान्याशी थांबल्या, आडनाव बघितलं, अण्णांकडं बघितलं. "पत्नी?"

"मतदार," अण्णा म्हणाले.

महिनाभर ते उमेदवार होते. रोज सकाळी कोट, रोज एक रस्ता, मी रविवारी बरोबर. अर्थात पडले, आणि चांगले दणकून पडले. मी मतदानाला नागपूरला गेले होते, आईबरोबर रांगेत उभी राहिले आणि शाईच्या बोटाचा फोटो अण्णांना पाठवला. पुढच्या सभेत त्यांनी माझ्यावर ठरल्याप्रमाणे ठपका ठेवला आणि लगेच तो मागेही घेतला.

खरी गंमत त्यानंतर झाली. आजवर पडले की दुसऱ्या दिवशी ते पुढच्या निवडणुकीसाठी बाहेर पडत. ह्या वेळी मात्र ते बाहेर पडलेच नाहीत. अक्कांनी मत कुणाला दिलं ते काही कळेना, आणि ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायला लागले. अक्का अवरेकाळू, म्हणजे आपला पावटा, सोलत बसल्या की हेही शेंगा ओढून घ्यायचे. "दिलंस की नाही?" "मत गुप्त असतं." "बरं, पुढच्या वेळी तरी?" "काय करणार तुम्ही माझ्यासाठी?" मग हे आश्वासनं द्यायचे. चहा मी करीन. देवळात नेईन. एकदा पुलाचं सगळं भाषण म्हणून दाखवलं, आणि अक्कांनी, म्हणे, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी वरून खाली उतरताना खिडकीतून दोघांचा वाद ऐकू यायचा आणि दिवस चांगला जायचा.

असं दोन वर्षं चाललं. गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले, झोपेतच. मला फार लागलं ते. बाबांनंतर इतकी मी कुणासाठी रडले नव्हते.

तेराव्यानंतर सगळे पांगले तेव्हा मी अक्कांपाशी जाऊन बसले. त्या पावटा सोलत होत्या, एकट्याच. मला राहवेना. म्हटलं, "अक्का, आता तरी सांगा. दिलं होतं का त्यांना?"

"त्यांनाच की," त्या म्हणाल्या. "दर वेळी. पहिल्यापासून."

"मग सांगायचं ना बाप्पा! बिचारे दोन वर्षं विचारत राहिले."

अक्कांनी शेंग सोलून दाणे परातीत टाकले. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोट घालून दुसऱ्याच्या दारात गेले असते."